सायबिणीची वाट

वरचा वाडा, १२ नोव्हेंबर २०१८

केरोबिना,

आपण बोलत नाही, म्हणून लिहिते. फोन करणं म्हणजे बोलणंच झालं, तेव्हा तोही नको. पाववाला पोदेर सकाळी आधी माझ्या फाटकाशी भोंगा वाजवतो, मग तुझ्या. पावाच्या पिशवीत चिठ्ठी घालून त्याच्याकडे देत जाईन, तू उत्तर त्याच्याच हाती दे. त्याला सांगून ठेवलंय. तो हसला. हसू दे.

कपेलाचं, आपल्या वाड्याच्या छोट्या चर्चचं, वर्ष आखायचं काम बेनितो बघायचा. तो पोर्तुगालचा पासपोर्ट काढून लंडनला पळाला. रविवारी फादर आनिसेत अख्ख्या वाड्यासमोर म्हणाले, 'यंदा ह्या दोघी जावा करतील.' निम्मी माणसं खोकली. फादर नवे आहेत, त्यांना काय ठाऊक! किंवा ठाऊक असूनच केलं असेल. मला त्यांचा संशय येतो.

ख्रिस्तराजाच्या सणाआधी, नाताळाआधीच्या ह्या आगमनकाळापासून पुढच्या आगमनकाळापर्यंत सगळं कागदावर पाहिजे. फुलं कुणाची, झाडलोट कुणाची, वेदीवर कुठल्या रंगाचं कापड, नऊ दिवसांच्या नोव्हेनाचा कुठला दिवस कुणाच्या घरचा. बहुतेक मी आखलंय. तुझ्याकडे आगमनकाळाच्या मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गेल्या वर्षी बेनितोने चारही लाल आणल्या, वाढदिवस असल्यासारख्या. शिवाय नाताळच्या आठवड्याची झाडलोट, आणि राखेच्या बुधवारासाठी घरोघरच्या जुन्या झावळ्या गोळा करणं. देखरेख माझी.

ऑक्टोबरात सायबीण, कपेलातली मरिया मातेची मूर्ती, घरोघर निघते, ती गेली तीन वर्षं जाते तशीच जाईल. एका घरी एक रात्र, दुसऱ्या संध्याकाळी त्या घरच्यांनी गात गात पुढच्या घरी पोचवायची. माझ्याकडून ती टेकडीवरच्या कायतानकडे जाईल, आणि सगळा वाडा फिरून पलीकडच्या बाजूने तुझ्याकडे येईल. तुझ्या बल्कांवावर, पुढच्या दारच्या ओसरीवर, मी पाय ठेवणार नाही. तशी शपथ मी घेतलेली आहे आणि कारण तुला माहीत आहे.

दोमिसियाना


१४ नोव्हेंबर

दोमिसियाना,

चिठ्ठीला पीठ लागलं होतं आणि उंडे पाव कालचे होते.

नाताळच्या आठवड्याची झाडलोट माझ्याकडे! त्याच आठवड्यात दोदोल घोटायचा, नेवऱ्या करायच्या, येशूबाळाचा गोठा मांडायचा. आणि तुझ्याकडे काय, तर देखरेख. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाला आवडणार नाही! माझा नवरा कुवेतला, मुलगी लिस्बनला, घरात मी आणि माय. ती तुझीही सासू आहे, एवढंच तेवढं तुझ्या आखणीत आलेलं दिसत नाही.

मेणबत्त्या आणीन. झावळ्या गोळा करीन. झाडलोटही मरत मरत करीन. आता मायचं ऐक.

माय वर्ष विसरली आहे. ऑगस्टात पुण्य शुक्रवारचं, येशूच्या मरणाचं गाणं गात होती. परवा माझ्यावर ओरडली, झावळ्यांचा रविवार आला आणि घरात एक झावळी नाही, असली कसली तू सून! पण संध्याकाळी आंजेलुसच्या प्रार्थनेची घंटा झाली की पुढच्या दारासमोर खुर्ची ओढून बसते, हातात मेणबत्ती, आणि विचारते, 'सायबीण येईना अजून?' रोज. मी म्हणते, माय, ती ऑक्टोबरात येऊन गेली. ती म्हणते, खोटारडी.

एकच मागते. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत ही राहील असं मला वाटत नाही. सायबीण एक संध्याकाळ कपेलातून आमच्याकडे आण. आगमनकाळात आण, नाताळात आण, कधीही आण.

केरोबिना


१७ नोव्हेंबर

केरोबिना,

सायबीण म्हणजे काय टॅक्सी आहे, बोलावली की आली? तिचा महिना ऑक्टोबर. बाकीचं वर्ष ती कपेलात काचेआड. आज तुझ्यासाठी काढली तर उद्या आगुस्तीनची बायको गुडघे दुखतात म्हणून मागेल, परवा कुणाचं डुक्कर आजारी पडेल. वर्ष असं मोडायचं तर आखायचं कशाला?

तुला हे खूळ वाटेल. पण माझा सान्तान गेल्यापासून आज कुठला सण, उद्या कुठला, वेदीवर जांभळं की हिरवं, एवढं पक्कं असलं की मला दिवस ढकलता येतो. नाहीतर ह्या घरात एकटीने करायचं काय?

मायला मी माझ्याकडे ठेवायला तयार होते. त्या वर्षी फेब्रुवारीतल्या कान्देलारच्या सणापर्यंत तयार होते. सान्तानची माती अजून ओली होती. दुखवट्याच्या घरासमोर बँड थांबतो आणि वाजवणारे मान खाली घालून मुकाट पुढे जातात, हे वाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. माझ्या दारासमोर मार्च वाजला. ढोलासकट. आणि पुढे सणाचा यजमान म्हणून मानाचा लाल झगा घालून कोण? सान्तानचा सख्खा भाऊ. तुझा नवरा.

कागद सोबत आहे. सही कर.

दोमिसियाना


१९ नोव्हेंबर

दोमिसियाना,

हजारदा सांगितलं, आता लिहून देते. यजमानाचा मान वीस वर्षांनी येतो. झेफेरीन त्यासाठी कुवेतहून सुटी काढून आला होता, आणि त्याच सुटीत भाऊ गेला. सण पुढे ढकला म्हणून तो जुन्या फादरच्या पाया पडला. फादर म्हणाले, सण सायबिणीचा आहे, तुमच्या घरचा नाही. बँडवाल्याला बजावलं होतं की वाटेवरच्या क्रूसापाशी, खुरसापाशी पोचलास की वाद्यं बंद. तो परगावचा. आपल्या वाड्यात खुरीस तीन, त्याने तुझ्या घरापलीकडचा धरला. मी काळ्या कपड्यांत मागून हात वर करून धावत गेले. त्याला वाटलं मी नाचतेय, त्याने ढोल आणखी वाढवला.

ह्याला पाप म्हणायचं तर म्हण. त्याचा दंड मी अजून किती वेळा भरू?

सही केली आहे. दोघींच्या सह्या शेजारीशेजारी छान दिसतात. बघणाऱ्याला वाटेल, एका ताटात जेवतो.

केरोबिना


८ जानेवारी २०१९

दोमिसियाना,

नाताळ पार पडला. गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारी लावायची असते, ती आगुस्तीनच्या सुनेने पहिल्याच रविवारी पेटवली. त्यावरून तू मिस्सात माझ्याकडे वळून बघितलंस. मी तेव्हा मायचे कपडे बदलत घरी होते, तू बघितलंस ती माझी बहीण.

एक सांगते. तू सायबीण देत नाहीस, म्हणून मी आमच्या घरच्या देव्हाऱ्यातली, आल्तारावरची छोटी मूर्ती उचलली. फुलं घातली, मेणबत्ती लावली, मागच्या दाराने बाहेर पडून पुढच्या दाराने गात गात आले. एकटीच मिरवणूक! मायने बघितलं आणि म्हणाली, 'ही आपल्या आल्तारावरची. मी आंधळी नाही. ती अशी येत नाही.' मग कशी येते, म्हणून विचारलं. ती जे बोलली ते जाऊ दे.

कान्देलारला सायबीण पालखीत निघतेच. चार पावलं आमच्याकडे वळव. मी हात जोडते. मला हात जोडायची सवय नाही, हे तुला चांगलं माहीत आहे.

केरोबिना


११ जानेवारी

केरोबिना,

कान्देलारचं नाव काढू नकोस. यंदाचा यजमान आगुस्तीन, त्याला फटाके कपेलाच्या मागे हवेत की पुढे हेच ठरवता येत नाही. गायकमंडळात दोन तट पडलेत. फादर म्हणतात, 'दोमिसियानाबाई, सगळं व्यवस्थित होईल.' असं म्हणणाऱ्या माणसाने आजवर एक खुर्ची उचललेली मी पाहिली नाही. त्यात पालखीची वाट बदलायची म्हटलं तर वाडा मला जिवंत ठेवणार नाही.

मूर्ती बदलून म्हातारीला फसवायला गेलीस, फजिती झाली. माझ्याकडे कशाला तक्रार?

दोदोल पाठवते आहे. मायसाठी आहे. तिला गोड लागतं. तुझ्यासाठी नाही.

दोमिसियाना


४ मार्च

केरोबिना,

परवा राखेचा बुधवार आणि राख नाही! गेल्या वर्षीच्या झावळ्यांचे क्रूस घरोघर आल्तारामागे खोचलेले असतात, ते गोळा करून फादरांकडे पोचवायचे, ते जाळून ही राख होते. वर्षभरात तुझ्याकडे दिलेलं सगळ्यात सोपं काम. रविवारी फादर झावळ्या जाळायचा रिकामा पत्रा घेऊन उभे. त्यांनी मला विचारलं, मी तुला शोधलं, तू नाहीस. आता कपाळाला काय लावायचं, चुलीतली राख?

आणि कमाल म्हणजे, शनिवारी माझ्या फाटकाला जुन्या झावळीचा एक क्रूस अडकवून गेलीस. टोमणा पोचला. 'घे, तुझी तू गोळा कर', हेच ना? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते तुझ्यासारख्यांसाठीच.

दोमिसियाना


५ मार्च

दोमिसियाना,

झावळ्या मी गेल्याच आठवड्यात गोळा केल्या होत्या. टोपली भरून बल्कांवावर ठेवली होती. शनिवारी मी आंघोळीला गेले आणि मायने टोपली बघितली. तिच्या डोक्यात झावळ्यांचा रविवार आला. टोपली काखेत मारून ती निघाली आणि घरोघर सगळ्यांना झावळ्या परत वाटून आली. हसत, आशीर्वाद देत. लोकांनी घेतल्या, म्हातारीला नको कोण म्हणणार! रविवारी मी तोंड लपवून होते ते त्यामुळे. काल पुन्हा दारोदार फिरून मागून आणल्या, फादरांकडे पोचवल्या. राख झाली आहे. उद्या कपाळ पुढे कर.

तुझ्या फाटकावरचा क्रूस तिने लावला. मी तिला शोधत आले तेव्हा ती तुझ्या फाटकाला धरून उभी होती आणि 'दोमी, दोमी' म्हणून हाका मारत होती. तुझा रेडिओ मोठ्याने चालू होता. मी तिला ओढत घरी आणली.

आता लपवत नाही. नाताळात मी विचारलं ना, सायबीण कशी येते? ती म्हणाली, 'दोमीच्या घरून येते. पुढे दोमी असते, मेणबत्ती घेऊन, बेसूर गात.' रोज घंटेनंतर ती दाराकडे बघते ती मूर्तीसाठी नाही. आधी सायबिणीचं नाव घेते, आणि मग म्हणते, 'दोमी येईना अजून?'

हे चार महिने लिहिलं नाही, कारण मला झोंबलं. मी तिला न्हाऊ घालते, भरवते, तिची गादी रात्रीतून दोनदा बदलते. आणि ती वाट बघते तुझी. जी तीन वर्षं भिंतीपलीकडून खोकतसुद्धा नाही. मला राग येतो. तिचा येतो, तुझा येतो, उपवासकाळाच्या तोंडावर असं लिहू नये, पण सायबिणीचाही येतो.

लिहिलं एकदाचं. ये किंवा येऊ नकोस.

केरोबिना


११ मार्च

केरोबिना,

चार महिने! नोव्हेंबरात लिहिलं असतंस तर मी मूर्तीवरून तुझ्याशी भांडत बसले नसते. मी नियम सांगतेय, तू हात जोडतेयस, आणि मुद्दा भलताच. ह्याला काय म्हणावं?

पण मी येणार नाही. सान्तानच्या तसबिरीसमोर शपथ घेतली आहे. वेड्या रागात घेतली, मान्य आहे, पण घेतली. मी एकटी बाई, माझ्याकडे दुसरं काय आहे? शब्द आहे, तो पाळते. तूच तिला धरून माझ्याकडे आण. फाटक उघडं ठेवते. रेडिओ बंद ठेवते.

तिने खरंच हाका मारल्या? किती वेळ?

दोमिसियाना


२ एप्रिल

दोमिसियाना,

मायला तुझ्याकडे आणणं आता होणार नाही. काल घंटेनंतर ती उठून पायऱ्या उतरायला गेली आणि पडली. खुबा मोडला. मडगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्या वयात शस्त्रक्रिया नको, खाटेवरच ठेवा. खाट पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून टाकली आहे, दुसरीकडे टाकली की रडते.

पवित्र आठवड्याची माझी सगळी कामं दुसऱ्या कुणाला दे. तुला काही मागत नाही. कळवलं.

केरोबिना


१६ एप्रिल

दोमिसियाना,

काल संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात तू उभी, हातात मेणबत्ती. माझ्या हातातला डाव खाली पडला. आणि तू म्हणालीस काय, तर 'शपथ बल्कांवाची आहे, ह्या दाराची नाही.' तीन वर्षांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य, तेही वकिलाचं!

माझ्यावर रागावू नकोस, पण मायने तुला मागून आलेली बघून 'ही कोण चोरासारखी? दोमी पुढून येते' म्हटलं तेव्हा मला हसू आवरेना. मग तू परत फिरलीस. मला वाटलं, गेली. खिडकीतून बघते तर तू घराला वळसा घालून बल्कांवाच्या पायऱ्यांशी उभी. इतका वेळ उभी राहिलीस की मेणबत्ती विझली. मी बाहेर येऊन पेटवून देणार होते, पण माझी हिंमत झाली नाही. मग तू तशीच वर आलीस, विझलेली मेणबत्ती धरून, गात. माय म्हणते त्यात खोट नाही, तू फार बेसूर गातेस.

'येवढा उशीर? जेवलीस?' एवढंच विचारलं तिने. सायबिणीचं नावही काढलं नाही. कितीतरी दिवसांनी ती हाक न मारता झोपली, आणि मीही.

आता पुढचं. आज घंटा झाली, आणि ती म्हणाली, 'दोमी येईना अजून?' मी म्हटलं, माय, काल आली होती ना! म्हणाली, खोटारडी. सगळं मुसळ केरात.

मी काही मागत नाही.

केरोबिना


१७ एप्रिल

केरोबिना,

म्हातारी मला सुखासुखी सोडायची नाही हे मला पायऱ्यांवरच कळलं होतं. शपथ एकदा मोडली काय, रोज मोडली काय. पुण्य शुक्रवारच्या आधी पापकबुलीला जाईन तेव्हा फादर काय सांगायचं ते सांगतील.

येत जाईन. पुढून येईन. पण तू माझ्याशी बोलायला येऊ नकोस. मी मायकडे येते, तुझ्याकडे नाही. कामाचं काही असेल तर पोदेराकडे चिठ्ठी दे.

दोमिसियाना


२६ जून

केरोबिना,

काल माय झोपल्यावर तू चहा पुढे ठेवलास. मी प्यायले. त्याचा अर्थ बोलणं सुरू झालं असा नाही.

सांजावच्या सणाचा नुसता गोंधळ झाला. विहिरीत उड्या मारायला वाड्यातले तिघेच निघाले, बाकीचे सगळे जहाजांवर आणि लंडनात. फुलांचे मुकुट उरले, ते आता सुकताहेत. पुढच्या वर्षी उड्या मारायला कोण, हे मी कसं आखू? कागद आखता येतो, माणसं कुठून आणू?

कोणसाच्या सणाला नव्या भाताची लोंबं कापायचा मान तुझ्या घराचा आहे. झेफेरीन येत नसेल तर तू काप. बाईने कापू नये असं कुठे लिहिलंय ते मला दाखवा, असं मी आगुस्तीनला सांगितलं. दाखवू शकला नाही.

परवा पेज पातळ होती. मायला घशात अडकत नाही म्हणून पातळ करतेस हे मला नंतर कळलं. आधी मनात तुला नावं ठेवली होती.

दोमिसियाना


२२ ऑगस्ट

केरोबिना,

पोदेर मडगावच्या इस्पितळात पाव देत नाही, म्हणून ही चिठ्ठी फादरांच्या स्कूटरवरून पाठवते. तुझा डेंग्यूचा ताप उतरला, पण अजून सोडत नाहीत, असं फादरांनी सांगितलं. पडून राहा. मी तुझ्या घरात आहे. झोपायलाही इथेच.

कोणसाचा सण झाला. मी गेलेच नाही, मायला सोडून कशी जाणार? फादरांनी माझ्या कागदाशिवायच केला. लोंबं कापली तुझ्या बहिणीने, गायकमंडळ एका सुरात गायलं, फटाके वेळेवर उडाले. आजवर माझ्या हातून इतका चांगला सण कधी झाला नाही. मला भयंकर राग आला.

तुझ्या घरात एक वस्तू जागेवर नाही. मीठ साखरेच्या बरणीत, साखर कुठे ते देव जाणे. गादी रात्री दोनदा बदलावी लागते, हे तू लिहिलं होतंस. मी वाचलं होतं आणि पुढे गेले होते. आता कंबर बोलते.

आता ऐक. पहिल्या दिवशी घंटेनंतर मी मुद्दाम बाहेर जाऊन पुढच्या दाराने आत आले, रोजच्यासारखी. मायने बघितलं, मान हलवली आणि परत दाराकडे बघत राहिली. मला वाटलं, ओळखलं नाही. जवळ जाऊन म्हटलं, माय, मी दोमी. ती म्हणाली, 'हो गं. केरोबिना येईना अजून?'

रोज हेच चाललंय. सकाळपासून मी भरवते, पुसते, कूस बदलते, आणि संध्याकाळी ती विचारते तुला.

दोमिसियाना


२३ ऑगस्ट

दोमी,

सलाईन उजव्या हाताला आहे, अक्षर लावून घे.

नीट लिही. नक्की माझंच नाव घेतलं? का तिने काहीतरी म्हटलं आणि तुला तसं वाटलं? मी पडले आहे म्हणून माझं मन राखायला लिहीत असशील तर तसं करू नकोस. इतक्या वर्षांत तिने माझी कधी वाट बघितली नाही. मी नेहमी तिथेच होते, वाट कोण बघणार! पण एकदा तरी, असं मला वाटायचं. हे मी झेफेरीनलाही कधी सांगितलं नाही.

खरं असेल तर तसं लिही. खोटं असेल तरी तसं लिही. फादर स्कूटर चालू ठेवून थांबले आहेत.

साखर फडताळात, चहाच्या डब्यामागे.

केरोबिना


२४ ऑगस्ट

केरो,

मी कुणाचं मन राखायला लिहीत नाही. गेल्या साडेतीन वर्षांत तुझं मन राखल्याचं तुला काही आठवतं का?

तुझंच नाव. काल तुझी चिठ्ठी आली म्हणून मी मुद्दाम पारखून घेतलं. म्हटलं, माय, कुणाला बघतेस? म्हणाली, केरोबिनाला. कोण केरोबिना? तर माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मीच खुळी. 'माझी केरोबिना. ह्या घरातली. ती आल्याशिवाय मी जेवत नाही.' मी म्हटलं, मी आहे ना इथे! म्हणाली, 'तू आहेसच. ती कुठे आहे?'

आणि खरंच जेवली नाही. मी ताट आपटलं. दिवसभर मरमर मी करायची आणि वाट तुझी! मग मार्चात तू मला काय लिहिलं होतंस ते सगळं परत आठवलं, एकेक शब्द, आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. तुला तेव्हा कसं झालं असेल ते मला तेव्हा कळायला हवं होतं. नाही कळलं.

नंतर तिला थोडी पेज घातली, तुझ्यासारखी पातळ करून. अर्धी घेतली. ती ऑक्टोबरपर्यंत राहते का नाही, मला माहीत नाही. सायबिणीचं ऑक्टोबरात बघू. डॉक्टरांना म्हणावं, घरी माणूस जेवायचं थांबलंय, सोडत असाल तर आज सोडा.

काल घंटा झाल्यावर मेणबत्ती लावली आणि तिच्या खाटेशी मीही दाराकडे तोंड करून बसले. मेणबत्ती अर्ध्यावर आली. मग केरोबिना येईना अजून, असं कुणीतरी म्हणालं. माय तोवर झोपली होती.

दोमी